भाऊंनी बोलावलेली माणसं

भाऊ गेल्याचं मला त्यांच्या धुळ्याच्या शेजाऱ्यांनी फोनवर कळवलं. सकाळची शाळेची वेळ होती, एका हातात डबा होता. थोडं सावरल्यावर मी विचारलं, "पेपरात दिलंय का?" ते गृहस्थ जरा संकोचून म्हणाले, "नाही. देऊ नका असं ते बजावून गेलेत. लोक येतील म्हणाले."

जळगाव ते धुळे एसटीत बसून मी त्या दोन शब्दांचा विचार करत राहिले. लोक येतील. आपल्याकडे माणूस गेला की लोकांनी यावं म्हणूनच पेपरात देतात. दारावर, म्हणजे सांत्वनाला, किती माणसं आली यावर मेलेल्या माणसाची किंमत करणारा आपला मुलूख. आणि ज्या माणसाचा सगळा जन्म लिहिण्यात गेला, ज्याच्या नावावर एके काळी जळगावात साप्ताहिकाचा अंक दुपारच्या आत संपायचा, त्याला आपल्या मरणाच्या चार ओळीही छापून यायला नको होत्या. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. बाहेर कापूस वेचणाऱ्या बाया वाकलेल्या दिसत होत्या. भाऊ लोकांना का भीत होते हे मला माहीत होतं. ते माहीत असणारी माणसं आता फार उरलेली नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. अक्कांना, म्हणजे भाऊंच्या पत्नीला, विचारूनच लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "आते लिही टाक. आते त्या नहीत, कोन कोनले वाट इचारी?"

आता ते नाहीत, कोण कोणाला वाट विचारणार... अक्कांचा हा अंदाज चुकीचा होता. पण ते पुढे येईल.

मी भास्करभाऊंना पहिल्यांदा पाहिलं ते जळगावच्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी नुकतीच बी. ए. झालेली, प्रुफं तपासायला लागलेली. आमचे संपादक, मालक आणि जाहिराती गोळा करणारे असे तिन्ही एकच होते, ते नाना. आणि पहिल्या पानावरचा मोठा लेख लिहायचे भाऊ. उंच, जरा वाकलेले, पांढरा सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. साप्ताहिकाचा जीव त्या एका लेखात होता. बाकीचा अंक म्हणजे केळीचे भाव, सत्कार आणि जाहीर नोटिसा.

अंक निघाला की भाऊ ऑफिसात थांबत नसत. एसटी स्टँडवर जाऊन बाकड्यावर बसत आणि अंक विकत घेतलेल्या माणसांकडे बघत. माणूस पान कुठल्या ओळीला उलटतो, कुठे ओठ हलवून वाचतो, कुठे शेजारच्याला कोपर मारून दाखवतो, हे त्यांना बघायचं असे. परत आले की माझ्या टेबलाशी उभे राहत आणि प्रुफावर बोट ठेवून सांगत, "इथं माणूस उठला. ही ओळ मेलेली आहे." त्यांचं म्हणणं असं की पहिल्या ओळीत एक माणूस आणि एक जागा दिसली पाहिजे. विशेषणं दिसली की वाचक समजतो, याला काही सांगायचं नाही. मथळा असा हवा की तो वाचून उरलेलं न वाचणं जमूच नये. आणि तिथे जायचं कसं हे लेखातच सांगायचं, पण सुचवून. गाडीतून उतरलात की डाव्या हाताला कडुनिंब दिसेल, अशा बोलीत. "लेख वाचून माणूस छान म्हणाला तर लेख पडला समज," ते म्हणत. "त्यानं चपला घातल्या, तर लेख झाला."

आणि माणसं खरंच चपला घालत. गावाबाहेरच्या एका मळ्यात वांगी भाजून भरीत करून देणाऱ्या नवरा-बायकोवर भाऊंनी लिहिलं, तर पुढच्या रविवारी तिथे सायकल लावायला जागा नव्हती. एक ओस पडलेलं वाचनालय होतं, त्याच्यावर लिहिलं, तर तिथे दुसरं कपाट घ्यावं लागलं. नाना खूश असत. "भास्कर लिहितो अन् रस्ता चालू होतो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. भाऊंचे कान लाल होत. त्या काळात ते सुखी होते. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढच्या वर्षांत त्यांना भेटलेल्या कुणालाही ते खरं वाटणार नाही.

यातल्या धोक्याची पहिली खूण पटली ती वटवाघळांची. पहूरकडच्या एका शिवारात चिंचेचं जुनं झाड होतं, दिवसा शेकडो वटवाघळं उलटी लटकलेली. भाऊंनी त्या झाडावर असं काही लिहिलं की मी प्रुफं तपासताना दोनदा मुद्दामच वाचलं. लोक बैलगाड्या, मोटारसायकली घेऊन बघायला गेले. पण झोपलेली वटवाघळं काहीच करत नाहीत, आणि इतक्या लांबून आलेल्या माणसांना तेवढ्यावर समाधान कसं होणार? कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी डबे बडवले, मग दगड. महिन्याभराने त्या शेताचा मालक कामासाठी जळगावला आला होता, तो ऑफिसात डोकावला. रागावलेला नव्हता. उलट हसतच म्हणाला, "वाचाले लय बरं होतं भाऊ. पन झाड मोकं झालं." भाऊंनी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर बराच वेळ ते खिडकीशी उभे होते. मला वाटलं, विसरतील. विसरलेही असते... पण त्याच हिवाळ्यात त्यांचा हात मोडला.

रावेरहून परतताना केळीच्या ट्रकला बाजू देताना भाऊंची लूना खड्ड्यात गेली आणि उजव्या मनगटाचं हाड सरकलं. ट्रकचा ड्रायव्हरच खाली उतरला. "दवाखान्यात काय जाता," तो म्हणाला, "मी नेतो तुम्हाले एका बाईकडे. तिच्या हाताले गुन आहे." केळीचा पट्टा संपून सातपुड्याच्या पायथ्याशी सागाची रानं लागतात, तिथल्या एका पाड्यावर त्याने भाऊंना नेलं. पाड्याचं नाव मी लिहिणार नाही. त्या पाड्यावर एक म्हातारी हाडं बसवायची. तिचं नाव रुमलीबाई समजा. आसपासच्या दहा-बारा पाड्यांवरची माणसं तिच्याकडे यायची, कुणी झाडावरून पडलेला, कुणी बैलाने मारलेला. तिने भाऊंचं मनगट दोन्ही हातांत घेतलं, त्यांना घरादाराचं काहीबाही विचारत राहिली, आणि ते उत्तर देत असताना मधेच हाड जागेवर बसवलं. वर पाला आणि बांबूच्या कामट्या बांधल्या. होळीच्या आत भाऊ त्याच हाताने लिहू लागले, आणि पहिला लेख त्यांनी तिच्यावर लिहिला.

मथळा होता : 'मोडका हात घेऊन गेलो, हात हलवत परत आलो.' मी प्रूफ वाचताना हसले आणि म्हटलं, "भाऊ, हात हलवत परत येणं म्हणजे रिकाम्या हाताने येणं." ते म्हणाले, "म्हणून तर माणूस थांबेल. वाटेल, आधी घेऊन गेला अन् रिकामा आला? मग वाचेल." आणि उजवा हात माझ्यासमोर गोल फिरवून दाखवला. तो लेख उपकाराच्या भरात लिहिलेला होता. एक शब्द खोटा नव्हता. ती फक्त हाडं बसवते, असं त्यात तीनदा लिहिलेलं होतं. एसटीतून कुठे उतरायचं, नाला कुठे ओलांडायचा, मोहाच्या कुठल्या झाडाखाली वळायचं, हेही होतं.

तो अंक पुन्हा छापावा लागला. मग एका मोठ्या दैनिकाने तो लेख उचलला, मग दुसऱ्याने. स्टँडवर झेरॉक्स मिळू लागल्या. नाना पेढे घेऊन आले. सुरुवातीला हाडंच मोडलेली माणसं गेली असतील. पण लवकरच ऑफिसात येऊन वाट विचारणारी माणसं मला दिसू लागली, आणि त्यांच्यात कुणाचंही हाड मोडलेलं नव्हतं. अर्धांग झालेला बाप. पोलिओची पोर. जन्मापासून न बोललेला मुलगा. एक बाई नुसतीच बसून राहिली, काय होतंय विचारलं तर सांगेना. तिच्या भावाने हळूच सांगितलं की हिला मूल होत नाही. मी प्रत्येकाला म्हणायची, अहो, ती हाडं बसवते. ते मान डोलवायचे आणि म्हणायचे, हो हो... पण जायचं कुठून? भाऊ हे बघत होते. एकदा मला म्हणाले, "मी हाड लिहिलं, यांनी देव वाचला." म्हणाले आणि आत गेले. त्या दिवसापासून स्टँडवरच्या बाकड्यावर बसणं त्यांनी बंद केलं.

पाड्यावरून बातम्या येत होत्या, त्या ट्रकवाल्यांकडून. ट्रॅक्टर भरभरून लोक जातात. नाल्यातल्या झिऱ्यावर पाड्याची घागर भरेनाशी झाली, कारण आलेली माणसं आधी पाणी पितात. कुडाच्या काठ्या काढून लोकांनी चुली पेटवल्या. उभ्या मक्यातून वाट पडली. म्हातारीला जेवायलाही उठू देत नाहीत. भाऊंनी ऐकलं की ते विचारत, "अन् ती काय म्हणते?" कुणालाच माहीत नव्हतं. ती काय म्हणते हे विचारायला कुणी जातच नव्हतं.

नानांना दुसरा लेख हवा होता. 'रुमलीबाईच्या दारी जनसागर' असं काहीतरी. भाऊ तयार होईनात. नाना चिडले, मग समजावू लागले, मग म्हणाले, निदान बघून तरी ये. भाऊंनी मला बरोबर घेतलं. "मला जे दिसणार नाही ते तुला दिसेल," एवढंच म्हणाले. उन्हाळ्याचे दिवस, सागाची पानं गळून रान उघडं पडलेलं. मोहाच्या झाडापाशी भाऊ थांबले. ते झाड त्यांनी लेखात खूण म्हणून दिलं होतं. त्याच्या बुंध्याची साल माणसाच्या हाताला पोचेल तिथपर्यंत सोललेली होती. लोकांना कळलं असणार की हेच ते झाड... मग औषधच असेल. भाऊंनी सोललेल्या बुंध्यावर तळवा ठेवला आणि पुन्हा चालू लागले.

पुढे आवाज ऐकू आला. बाजाराचा असतो तसा नाही, दवाखान्याच्या व्हरांड्यात असतो तसा, दबलेला. झोपड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत माणसंच माणसं, झोळीत, खाटेवर, बैलगाडीत, पाठुंगळीला. पाड्याची स्वतःची माणसं एका कडेला, आपल्याच घराबाहेर पाहुण्यासारखी उभी. म्हातारी आपल्या दाराशी बसलेली होती. दोन्ही हात तिने लुगड्याच्या पदरात गुंडाळून पोटाशी धरले होते. ती काहीच करत नव्हती. तिचा मुलगा रूपसिंग पुढे आला. आवाज बसलेला. "कालपासून हात बाहेर काढत नाही," तो म्हणाला. "सुजलेत. लोक म्हनतात, हिले कोनी पैशावाल्यानं बांधून घेतलं, आता गरिबाले हात लावत नाही." त्याच्या कपाळावर खोक होती. कशाची, ते मी विचारलं नाही.

भाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले. तिने त्यांना ओळखलं नाही. इतकी तोंडं पाहिल्यावर कुठलं लक्षात राहणार? भाऊंनी उजवं मनगट पुढे केलं. ती बघत राहिली, मग पदरातून तिचा हात बाहेर आला. बोटं एवढी सुजली होती की एकमेकांना चिकटल्यासारखी दिसत होती. त्या बोटांनी तिने मनगट चाचपलं, एका ठिकाणी अंगठा टेकवला आणि तिचा चेहरा बदलला. मागे गर्दीत कुजबुज झाली, "हात लावला, हात लावला," आणि माणसं उठून पुढे सरकली. येणाऱ्यांकडून लेखाचं तिच्या कानावर गेलेलं असणार. ती भाऊंना म्हणाली, "तूच लोकायले रस्ता दाखवला ना? मंग आता माघारचा बी दाखव."

एवढंच. रागाने नाही, गाऱ्हाणं म्हणून नाही. गाडी आणणाऱ्याला गाडी वळवायला सांगावं तसं.

परतल्यावर लेख लिहायला भाऊंना आठवडा लागला. त्यांच्यापाशी होतं नव्हतं ते सगळं त्यांनी त्या लेखात घातलं. पहिल्या ओळीत तिचे सुजलेले हात. मग झिरा, मका, झाड, रूपसिंगची खोक. मग साध्या शब्दांत, वाचणाऱ्याचा हात धरून सांगावं तसं, की तुमच्या माणसाला जे झालंय ते तिच्याच्याने बरं होणार नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या, आणि नाहीच बरं झालं तर घरी त्याच्याजवळ बसा. मथळा होता 'जाऊ नका'. नाना नाराज होते, तरी त्यांनी काना-मात्राही न बदलता तो छापला, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. मी तो छपाईसाठी जुळवलेल्या खिळ्यांवरून पहिल्यांदा वाचला तेव्हा मला रडू आलं. भाऊंनी त्याहून चांगलं कधी लिहिलं नाही.

आणि पुढच्या मंगळवारी रावेरच्या गाड्यांना उभं राहायला जागा नव्हती. लोकांनी वाचलं होतं, नाही असं नाही. ऑफिसात आलेला एक शिकलेला माणूस, आईला पाठीवर घेऊन आलेला, मला म्हणाला, "म्हातारी बंद करणार आहे ना? म्हणून घाईने निघालो." मी आत जाऊन भाऊंना सांगितलं. ते खुर्चीत बसले होते. त्यांनी लेखणीचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं... आणि म्हणाले, "बघ, चांगला लेख."

त्याच आठवड्यात एका पहाटे रुमलीबाईची झोपडी रिकामी सापडली. रूपसिंग, त्याची बायको, पोरं, शेळ्या, कोणीच नव्हतं. डोंगर चढून पलीकडे, मध्य प्रदेशात गेले म्हणतात. जमलेल्या लोकांना ते पटलं नाही. पाड्याने तिला लपवलंय अशी आवई उठली. घरं उपसली गेली, माणसांना मारहाण झाली. पोलीस पोचले तेव्हा रुमलीबाईच्या झोपडीचं छप्पर उरलं नव्हतं, कुडाची एक काठी उरली नव्हती, आणि जिथे ती बसायची तिथली जमीन गुडघाभर खोल खणलेली होती. लोकांनी माती नेली होती. पिशव्यांत, टोप्यांत, पदरात. एक म्हातारा त्या खड्ड्याच्या काठावर मरून पडला होता. त्याला आणणारी माणसं कोण, कुठली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पावसाळ्याच्या आत पाड्यावरची बाकीची घरंही उठली.

भाऊंनी राजीनामा दिला. नानांनी हातापाया पडून थांबवलं नाही. ते तसे हिशेबी, त्यांना कळलं असावं की या माणसाच्या हातून आता पहिल्या पानाचा लेख होणार नाही. भाऊ आणि अक्का धुळ्याला, अक्कांच्या माहेरच्या गल्लीत राहायला गेले. तिथल्या एका दैनिकात भाऊंनी अशी कामं मागून घेतली की जी वाचून कुणाला कुठे जावंसं वाटू नये : पाऊस किती झाला, कापसाला काय भाव, कुठली गाडी उशिरा आहे. नाव न घालता. वर्षाकाठी एखादी भेट होई. एकदा त्यांनीच सांगितलं, की त्या ट्रकवाल्याने रुमलीबाईला डोंगरापलीकडच्या एका बाजारात पाहिलं म्हणे. हात पदराखाली. नावाने हाक मारली तर ओ दिली नाही. "म्हणजे जिवंत आहे," भाऊ म्हणाले. मी म्हटलं, "मग जाऊन भेटा ना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अजून त्या ऑफिसातली कालची पोर आहे. "मी गेलो की माझ्यामागून रस्ता जातो," ते म्हणाले.

आमची शेवटची भेट गेल्या उन्हाळ्यातली. नाना कधीच वारले होते. त्यांचा मुलगा शिरीष पुण्याहून शिकून आला होता, आणि त्याने जळगावात दोन कॉम्प्युटर घेऊन खानदेशावर वेबसाइट काढली होती. तिच्यावर लेख घालायचे, ते वाचायला जगभरातून लोक आले पाहिजेत, अशी त्याची जिद्द. त्याने लहानपणापासून वडिलांच्या तोंडून भाऊंचं नाव ऐकलेलं. माझ्यामार्फत त्याने भाऊंना गळ घातली, आणि कसं कोण जाणे, भाऊ आले. जुन्या छापखान्याच्याच खोलीत, पंख्याखाली, आम्ही तिघं त्या पडद्यासमोर बसलो. टेलिफोनची तार बराच वेळ कुईकुई करत होती, मग एक केळीच्या बागेचं चित्र वरून खाली, पट्ट्या-पट्ट्यांनी उमटलं. खाली कोपऱ्यात एक आकडा होता.

"हे काय?" भाऊंनी विचारलं.

"किती लोक येऊन गेले त्याचा आकडा," शिरीष म्हणाला. "कुणी आलं की एकाने वाढतो. बघा, वाढला."

भाऊ पुढे वाकले. "कोण आला हा?"

"ते कळत नाही, काका."

"कुठून आला?"

"तेही नाही कळत."

"याचं काय दुखतंय?"

शिरीष हसला. मग भाऊ हसत नाहीत हे बघून थांबला. "अहो, ही माणसं येतात म्हणजे खरी येत नाहीत. घरी बसूनच बघतात."

"घरी बसूनच बघतात," भाऊंनी पुन्हा म्हटलं, चव घेतल्यासारखं. आणि मग, मला वाटलं होतं की ते उठून जातील, पण त्यांनी त्या मुलाला सगळं शिकवलं. काही हातचं राखलं नाही. पहिली ओळ, मथळा, मेलेली ओळ कशी ओळखायची, वाचणाऱ्याला वाट कशी सुचवायची. इतक्या वर्षांनी त्यांचा आवाज चढला होता, हात हलत होते. शिरीष भराभर टिपून घेत होता. शेवटी भाऊ म्हणाले, "अन् लिहायच्या आधी त्या जागी एकदा जाऊन उभा राहा. हजार माणसं आली, तर आधीची माणसं कुठं जातील ते बघ. जागा दिसली नाही, तर लिहू नको." शिरीषने मान हलवली. ते वाक्य मात्र त्याने लिहून घेतलं नाही. भाऊंच्या ते लक्षात आलं. त्यांनी एकदा त्या आकड्याकडे पाहिलं, तो बसल्या बसल्या पुन्हा वाढला होता, आणि खुर्ची मागे सरकवली.

मार्गशीर्षात भाऊ गेले. सकाळी चहा घेऊन भिंतीला टेकले, तेवढंच. दहाव्यानंतर मी पुन्हा धुळ्याला गेले, अक्कांजवळ दोन दिवस राहायला. दारात सतरंजी होती, आम्ही दोघीच बसलो होतो. ऊन अंगणात आलं होतं. एक म्हातारा आणि त्याची बायको फाटकाशी येऊन उभी राहिली. दारावर आलेत असं समजून मी सरकून जागा केली. म्हाताऱ्याने टोपी काढली, बायकोला आधी बसवलं. तिचं डोकं एकसारखं हलत होतं, थांबतच नव्हतं. मग त्याने विचारलं, "ते लेख लिहिणारे भाऊ कुठंयत?"

त्याने खिशातून घडी काढली. झेरॉक्सची झेरॉक्स, किती हातांतून आलेली. पाड्याच्या वाटेचा परिच्छेद नेमका काळा पडून गेला होता, पण वर भाऊंचं नाव वाचता येत होतं. अक्का दचकल्या नाहीत. उठल्या, पाणी आणलं, चहा टाकला. तेव्हा मला कळलं की हे दर महिन्या-दोन महिन्यांनी होत आलंय, इतकी वर्षं. माणसं आधी जळगावला येत, तिथून कुणी धुळ्याचा पत्ता देई. भाऊ प्रत्येकाला जेवायला घालत. आजार विचारून घेत, कुठल्या डॉक्टरला दाखवायचं ते सांगत. ती बाई आता नाही, म्हणत. आणि मग स्वतः स्टँडपर्यंत चालत जाऊन त्यांना त्यांच्या गावच्या गाडीत बसवून देत. "गाडी नाक्यावरतून वयस तवलोंग हालेत नही," अक्का म्हणाल्या. गाडी नाक्यावरून वळेपर्यंत हलत नसत. कारण काही जण नाक्यावर उतरून रावेरच्या गाडीला लागतात, हे त्यांना माहीत होतं.

अक्कांनी त्या दोघांना भात-पिठलं वाढलं. भाऊ गेले हे सांगितलं. म्हातारा हळहळला, पण त्याचं लक्ष अक्कांच्या तोंडाकडे होतं, पुढे काय म्हणतात याकडे. ती बाई आता नाही, अक्का म्हणाल्या. तो म्हणाला, "तिची माती तरी..." अक्कांना महिनाभर तरी उंबऱ्याबाहेर पडता येणार नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू जाय," म्हणाल्या.

मी त्यांना घेऊन निघाले. म्हातारीचा दंड धरला होता, तिचं हलणं माझ्या हातात येत होतं. ती दोघं मालेगावच्या अलीकडची. डोक्याच्या मोठ्या डॉक्टरचं नाव मी कागदावर लिहून दिलं, म्हाताऱ्याने तो कागद झेरॉक्सच्या घडीतच ठेवला. मालेगावची गाडी लागलेली होती. जागा मिळाली, खिडकीची. "सरळ घरी जा बाबा," मी म्हटलं. "हो हो," तो म्हणाला. मी ऐकलेलं होतं ते 'हो हो'. कंडक्टरने घंटी मारली. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले.

नाक्यावर गाडी हळू झाली. थांबली. दार उघडलं. कुणीतरी एक उतरलं, आणि मग, हात देऊन, कुणालातरी उतरवू लागलं... इतक्या लांबून तोंडं दिसत नव्हती.

मी नाक्याकडे चालायला लागले.